बॅकअप बरा, पण लाइन गेली की बोंब

दारव्ह्याजवळच्या खेड्यात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविम्याच्या पावत्या, सातबारे, सगळं एकाच कॉम्प्युटरात. फायलींची जादा प्रत ठेवणारं हे बॅकअप सॉफ्टवेअर रात्री फक्त बदललेल्या फायली उचलतं, ते झकास. पण लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून! जिथं थांबलं तिथूनच पुढं चालू व्हायला पाहिजे. परवा ६ जीबीची फाइल पेनड्राइव्हवर घेत होतो. अर्ध्याच्या वर गेली अन् अटकली. काहून अटकली ते सांगेना, नुसता 'एरर' अन् एक लांबलचक आकडा. पेनड्राइव्ह फॅट३२ (फायली साठवायची जुनी पद्धत) निघाला, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. हे आधीच मराठीत सांगा नं बाप्पा! नाहीतर फाइलचे तुकडे तरी करा. सध्या तीन स्टार.