कुर्ल्याचा स्पेअर बाजार: पद्मिनीचं इंजिन मिळेल, पत्रा नाही

अर्धवट पडलेली प्रीमियर पद्मिनी पुरी करायला घेतली की कुर्ल्याचा सीएसटी रोड काही चुकत नाही. कपाडिया नगरच्या आसपासच्या गाळ्यांत जुन्या गाड्या सुट्या होतात आणि भागाभागाने विकल्या जातात. पद्मिनी बनायची तीही कुर्ल्यातच. पण ते उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली, काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. कोरा माल फारसा दिसणार नाही, हे धरूनच निघा.

इंजिनाच्या सामानासाठी बाजार झकास. इंजिन १०८९ सीसीचं, मूळ बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, ब्लॉक बिडाचा, पण वरचं झाकण, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पाण्याच्या भोकांभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून हेड उलटं करून गॅसकेटची बाजू बघा, पोलादी पट्टी उभी, आडवी, तिरपी ठेवून फट तपासा. खड्डा सिलेंडरच्या कडेपर्यंत पोचला असेल तर वेल्डिंग आणि फेसिंग (घासून सपाट करणं) दोन्ही आलं. त्यापेक्षा दुसरं हेड शोधा.

ब्रेकचं सामान जुनं घेऊ नका. चारही चाकांना ड्रम आहेत आणि जुन्या व्हील सिलेंडरला आतून बारीक खड्डे पडलेले असतात. नवं रबर टाकलं तरी ऑइल गळतंच. आपल्याच सिलेंडरला लेथवाल्याकडून पितळी स्लीव्ह बसवून घ्या. पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणारेच मागा. २० टक्के इथेनॉलने जुनं रबर फुगतं, टाकीतला गंज सुटून कार्बोरेटरमध्ये येतो. किंगपिन किट (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचा संच) आणि स्टिअरिंगखालच्या गिअर दांड्याचे बुश दिसले की उचला.

पत्र्यात मात्र हा बाजार साफ नापास. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात सोसायटीच्या कोपऱ्यात उभी गाडी: दाराखालचे सिल, फ्लोअर आणि मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे माउंट आधी जातात. गाळ्यावरचे सिलही याच हवेतल्या गाड्यांचे, वरून लांबी (पुट्टी) भरून रंगवलेले. चुंबक लावा, घसरला तर पुढच्या गाळ्यावर चला. खरं तर १८ किंवा २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणून चांगल्या डेंटरकडून वाकवून घेणंच बरं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्डिंगने टाचून घ्यायला सांगा आणि एक बाजू पूर्ण जोडल्याशिवाय दुसरीला हात लावू देऊ नका. नाहीतर बॉडी बसते, मग दारं लागत नाहीत.

बहुतेक प्रोजेक्ट इथेच आडवे पडतात. आधी इंजिन उघडतात, क्रोम करून घेतात, पैसे संपल्यावर कार्पेट उचलतात, तेव्हा कुठे खालचा सडलेला पत्रा दिसतो.

ग्रिल, हबकॅप, बॅजसाठी चोरबाजारातली मटण स्ट्रीट बरी. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून सुरुवात करा, कोणी रागावत नाही.

कुर्ल्यात अख्खं इंजिन घेणार असाल तर बिल हवंच, कारण बदललेला नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली ‘व्हीए’ (व्हिंटेज गाडीचा) नंबर हवा असेल, तर गाडी मूळ रूपातच लागते. तिथे परकं इंजिन घालण्याआधी विचार करा. नंबर घासलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्याच गाळ्यावरून हेड घ्या, कार्बोरेटर घ्या, ब्लॉक तिथेच राहू द्या.