जुन्या गाडीचे पुढचे स्ट्रट: तयार असेंब्ली की सुटे भाग?

स्ट्रट म्हणजे चाकाचा, स्प्रिंग बसवलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मन्रो कंपनीच्या क्विक-स्ट्रटसारखी तयार असेंब्ली घेतली तर स्प्रिंग, माउंट (वरची बैठक), बेअरिंग सगळं जोडलेलंच येतं. स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार (स्प्रिंग कॉम्प्रेसर) लागत नाही, ही मोठी सोय. पण एकच स्प्रिंग अनेक व्हेरियंटना चालवलेली असू शकते. मग गाडीचं नाक थोडं वर किंवा खाली बसतं. मूळ स्प्रिंग गंजलेली किंवा तुटलेली नसेल तर आमची पसंती सुट्या भागांना.

सुटे घेताना केवायबी कंपनीचा एक्सेल-जी हा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) गॅस स्ट्रट मूळ चालीच्या जवळचा आहे. नुसता स्ट्रट मात्र मागवू नका. टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (धक्का अडवणारं रबर), धूळ-बूट (दांड्यावरचं आवरण) आणि स्प्रिंगखालचं रबर सोबतच बदला, तेही दोन्ही बाजूंचं. जुनं बेअरिंग तसंच ठेवलं की स्टीअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून 'टण्ण' आवाज येतो, आणि दोष नव्या स्ट्रटला लागतो.

काही जुन्या गाड्यांत स्ट्रटच्या नळीतलं फक्त कार्ट्रिज (आतला शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलता येतं. तिथे उत्पादकाने सांगितलं असेल तर नळीत थोडं तेल ओतायचं, उष्णता बाहेर जाण्यासाठी.

बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेला टेकलं पाहिजे. वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावू नका आणि स्ट्रटचा दांडा पक्कडीत धरू नका. ओरखडा पडला की सील गळतं. शेवटी व्हील अलाइनमेंट हवंच, विशेषतः स्ट्रटच्या खालच्या बोल्टवर कॅम्बर (चाकाचा उभा कल) ठरत असेल तर.