म्हातारा साप खात नाही: थांबायचं, भक्ष्य बदलायचं, तोंडात द्यायचं की नळीने भरवायचं?

सापाचे दात म्हातारपणामुळे संपत नाहीत. जुना दात गळतो, त्याच्यामागे तयार असलेला नवा जागेवर येतो, आणि हे आयुष्यभर चालू राहतं. वर चार ओळी, खाली दोन, सगळे दात घशाकडे वळलेले. त्यांचं काम चावण्याचं नाहीच, भक्ष्य पकडून आत ओढण्याचं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर) मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असावं असा तिथल्या मंडळींचा अंदाज होता. त्यामुळे वीस वर्षांच्या सापाने उंदराकडे पाठ फिरवली तर ‘दात गेले असतील’ असं धरून चालू नका. खाणं सोडणं ही खूण आहे, आजार दुसरीकडेच असतो.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) पाळणाऱ्यांमध्ये अशा वेळी सगळ्यात जास्त घाई होते ती भरवण्याची. माझं मत स्पष्ट आहे: घरी जबरदस्तीने भरवणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, आणि नेमका तोच सगळ्यात आधी सुचतो.

थांबणं की भक्ष्य बदलणं

या दोन्ही गोष्टी घरी करता येतात, सापाला त्रास कमी होतो. पण थांबणं कोणाला परवडतं हे जातीवर आहे. प्रौढ बॉल पायथन, त्यातही नर, हिवाळ्यात महिनोनमहिने उपाशी राहतो आणि वजन जवळपास टिकवून धरतो. कॉर्न स्नेकच्या नरांचंही वसंतात, जोडीच्या दिवसांत, खाण्याकडे दुर्लक्ष होतं. पण एरवी खादाड असलेल्या म्हाताऱ्या कॉर्न स्नेकने महिना-दीड महिना काहीच घेतलं नाही तर मी वाट पाहणार नाही. कात टाकण्याआधी डोळे दुधी झालेले असताना बरेच साप धड खात नाहीत, ते दिवस हिशेबात धरू नका.

थांबायचं ठरवलंत तर वजनकाटा हवाच. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा चालतो. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, किंवा पाठीचा कणा उठून दिसायला लागला, की थांबणं संपलं.

आणि थांबताना पेटी तपासा. म्हाताऱ्या सापाइतकीच त्याची पेटीही जुनी झालेली असते. हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) कमी तापते, थर्मोस्टॅटची सेन्सर वायर जागची हललेली असते, आणि आकडा बरोबर दिसत असूनही साप गारठलेला असतो. बॉल पायथनला उबेच्या कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागतं, कॉर्न स्नेकला २८ ते ३० च्या आसपास. ऊब कमी पडली की पचन मंदावतं, भूक जाते आणि रोगाशी लढण्याची ताकदही जाते. वेगळा थर्मामीटर लावून मोजा.

भक्ष्य बदलण्याचा फायदा वेगळ्या सापाला होतो: ज्याला खायचं आहे, पण जमत नाही. वयाबरोबर काही सापांच्या मणक्यांवर जादा हाड वाढतं आणि ते एकमेकांना चिकटतात. मग झेप घेणं, विळखा घालणं जड जातं. काहींच्या डोळ्यांवर कातीचे जुने पापुद्रे साचलेले असतात. अशा सापाला एका मोठ्या उंदराऐवजी दोन लहान द्या. फ्रोजन उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, मग कोमट पाण्यात ठेवून अंगाला ऊब लागेल इतका गरम करा आणि संध्याकाळी, दिवे मंद करून चिमट्याने समोर धरा. घेतला नाही तर लपण्याच्या जागेपाशी रात्रभर ठेवून बघा. जिवंत उंदीर मात्र कधीच सोडू नका. मंदावलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि त्या जखमा जीवघेण्या होतात.

साप लठ्ठ असेल तर आधी हेही पाहा की तो खरंच उपाशी आहे का. प्रौढ, निवांत बॉल पायथनला तीन-चार आठवड्यांतून एकदा खाणं पुरतं. दर आठवड्याला देणाऱ्याला तीच उपासमार वाटते.

तोंड दुखत असेल तर

इथे वरचे दोन्ही पर्याय बाद होतात. तोंड सडण्याचा आजार, म्हणजे स्टोमॅटायटिस, ही म्हाताऱ्या सापाच्या तोंडाची खरी अडचण. हिरड्यांवर बारीक लाल ठिपके, तार धरणारी लाळ, ओठाची सूज, तोंड पूर्ण न मिटणं या खुणा. सापाचा पू वाहत नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट साचतो, त्यामुळे नुसतं धुऊन तो निघत नाही. दुखणं जुनं झालं की जबड्याच्या हाडात उतरतं.

महाराष्ट्रातल्या सर्पमित्रांना हा आजार वेगळ्या वाटेने माहीत आहे. गारुड्याने दात उपटलेल्या नागाच्या तोंडात अशाच जखमा सडतात. (दूध पाजण्याचा सल्ला भारतातल्या घरच्यांकडून आला तर प्रेमाने ऐका आणि सोडून द्या, दूध हे सापाचं अन्न नाही.)

तोंड उघडून बघण्याचा हट्ट करू नका. जांभई देताना मोबाईलवर फोटो काढा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे येतं असं नाही. तिथे सडलेला भाग काढणं, जबड्याचा एक्स-रे, जंतूंची तपासणी आणि इंजेक्शनं असा क्रम असतो. सेफ्टाझिडीमसारखं औषध सापाचं शरीर इतक्या सावकाश बाहेर टाकतं की ते तीन दिवसांतून एकदा दिलं जातं, त्यामुळे रोजची धरपकड टळते. पायथन असेल आणि तोंडात सारखा चिकट स्राव येत असेल तर नायडोव्हायरस या श्वसनमार्गाच्या विषाणूची चाचणी आवर्जून मागा. घरात दुसरे साप असतील तर तोवर त्याला वेगळं ठेवा.

तोंडात देणं की नळीने भरवणं

दोन्हींत साप हातात धरावा लागतो, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. फरक मोठा आहे. तोंडात देणं म्हणजे लहानसा, ओलसर केलेला मेलेला उंदीर डोक्याकडून हलकेच दातांत अडकवायचा आणि हात काढून घ्यायचा. गिळायचं की टाकायचं हे साप ठरवतो. गिळण्याची ताकद शाबूत आहे, पण झेप घेत नाही, अशा सापाला हे उपयोगी पडतं. एकदा डॉक्टरांकडून शिकून घेतलंत तर घरीही जमतं. दोनदा टाकला तर तिसऱ्यांदा देऊ नका. उंदीर घशाखाली ढकलणं हे यात बसत नाही. त्याने दात मोडतात, हिरडी सोलते, अन्ननलिका फाटू शकते, आणि तोंड निरोगी असेल तर सडायला तिथूनच सुरुवात होते.

नळी फार खालावलेल्या सापासाठी. यात तोंडात काही पकडावं लागत नाही, म्हणून जबडा दुखऱ्या सापालाही अन्न पोचतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळ पुढेच दिसतं, त्यामुळे जाणकाराला ते टाळता येतं. पोटापर्यंतचं अंतर आधी मोजून नळीवर खूण करतात. क्रमाला फार महत्त्व आहे: आधी ऊब, मग पाणी आणि क्षार, मग मांसाहारी प्राण्यांसाठीची, पाण्यात पातळ कालवलेली खाद्याची पावडर, तीही अगदी थोडी. महिनोनमहिने उपाशी सापाला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळून तो दगावू शकतो. पहिल्या काही खेपा दवाखान्यातच होऊ द्या.

नळीने वेळ मिळतो, कारण मिटत नाही. रक्ततपासणी आणि एक्स-रे न करता आठवडेच्या आठवडे नळी चालू ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. म्हाताऱ्या सापात मूत्रपिंड निकामी होणं, गाऊट (सांध्यांत आणि अवयवांत युरिक अ‍ॅसिड साचणं) आणि गाठी हे नेहमीचे संशयित. तपासणीत असं काही निघालं आणि वजन नळीनेही टिकत नसेल, तर डॉक्टरांशी इंजेक्शनने शांत मरण देण्याबद्दल बोला. ‘थंडीत झोपून जाईल’ म्हणून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. तो क्रूर आहे, पाळू नका.