सुरू होतानाच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होणारा लॅपटॉप : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

हा लॅपटॉप घेऊन चौदा महिने झाले. पहिले चार सुरळीत गेले, पाचव्याने मला रडकुंडीला आणलं, आणि त्यानंतरचे नऊ महिने तो एकदाही अडखळलेला नाही. घेतल्यावर आठवड्याभरात लिहिलेल्या अभिप्रायात मी स्क्रीनचं आणि कीबोर्डचं कौतुक केलं होतं, ते आजही तसंच आहे. बॅटरी थोडी उतरली आहे, पण कामापुरती पुरते. आज पुन्हा लिहायला बसले ते त्या पाचव्या महिन्यासाठी. या दुखण्यात लोक घाईघाईने विंडोज पुसून नव्याने टाकतात. मीही तोच प्रयत्न केला आणि त्यात जवळजवळ आठवडा गेला.

लक्षण असं होतं : सकाळी बटण दाबलं की पंखा फिरायचा, कंपनीचं चिन्ह दिसायचं, खालचे ठिपके चार-पाच वेळा गोल फिरायचे आणि स्क्रीन काळी व्हायची. क्षणभराने पुन्हा पंखा, पुन्हा चिन्ह. कधी तिसऱ्या, कधी चौथ्या खेपेला विंडोज उघडायचं आणि मग दिवसभर काही तक्रार नसायची. म्हणूनच मी दहा-बारा दिवस अंगावर काढले. ते महागात पडलं. त्या दिवसांत सेव्ह केलेल्या दोन फाइल पुढे कधी उघडल्याच नाहीत. असं का झालं ते पुढे सांगते.

कंपनीच्या मदतकेंद्राने फोनवर सांगितलं, विंडोज रीसेट करा. केलं. पहिल्यांदा ते अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन थांबलं आणि सगळं पूर्ववत करून मोकळं झालं. दुसऱ्यांदा त्याच्या बऱ्याच आधी थांबलं. विंडोजची एखादी फाइल खराब असती तर ते बहुधा एकाच ठिकाणी अडलं असतं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतं आहे याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता.

खरी वाट सापडली ती ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद केल्यावर. विंडोज कोसळलं की ते निळ्या स्क्रीनवर कारण लिहितं, पण लगेच स्वतःहून रीस्टार्टही होतं, त्यामुळे ते कारण वाचायला वेळच मिळत नाही. चिन्ह दिसत असताना पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग येणाऱ्या यादीत ४ म्हणजे सेफ मोड (अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज सुरू करणं) आणि ९ म्हणजे बिघाडानंतरचा ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यावरची माहिती कुलूपबंद केलेली असेल, तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. माझ्याकडे मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली होती म्हणून वाचले. तुमची कुठे आहे ते आजच, लॅपटॉप धड असताना, पाहून कागदावर उतरवून ठेवा, अशी मनापासून विनंती आहे.

९ दाबल्यावर निळी स्क्रीन थांबून राहिली. पहिल्यांदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यांदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तिसऱ्यांदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. एकच कोड सारखा येत असेल तर एखाद्या ड्रायव्हरवर (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) किंवा डिस्कवर संशय घ्यावा, पण दर वेळी नवा येत असेल तर आधी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, तपासावी. खराब रॅममध्ये जे जाईल ते बिघडून बाहेर येऊ शकतं. ते विंडोजचं असेल तर विंडोज कोसळतं, तुमचं लिखाण असेल तर तेच बिघडलेलं डिस्कवर उतरतं. माझ्या दोन फाइल अशाच गेल्या.

विंडोजमधल्या मेमरी चाचणीने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्यावर माझा विश्वास बसला नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला. मोफत आवृत्तीत ४ फेऱ्या होतात. पहिली फेरी स्वच्छ गेली, दुसरीत लाल ओळी येऊ लागल्या. एकाच फेरीवर समाधान मानू नका, हे मी त्या रात्री शिकले. आणि या चाचणीत एक चूकसुद्धा क्षम्य नाही.

माझ्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, ८-८ जीबीच्या, डीडीआर५ या प्रकारच्या. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. दोन्ही बाजूंच्या बारीक क्लिपा अंगठ्याच्या नखाने बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर उठते. बसवतानाही तिरकीच खोचायची, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची. क्लिपांचा ‘टक’ आवाज आला म्हणजे बसली. एका वेळी एकच पट्टी ठेवून चाचणी घेतली. पहिली स्वच्छ, दुसरीत चुका. मग तीच दुसरी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, कारण दोष स्लॉटमध्येही असू शकतो आणि तो असेल तर प्रकरण थेट मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डावर, जातं. चुका पट्टीबरोबर गेल्या. हायसं वाटलं.

वॉरंटीत पट्टी बदलून मिळाली. ती बसवल्यावर मात्र पोटात गोळा आला : स्क्रीन एक-दोन मिनिटं काळीच, मध्येच लॅपटॉप आपणहून एकदा रीस्टार्टही झाला. डीडीआर५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा असं होतं. बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा यंत्रातला मूळ प्रोग्रॅम, नव्या रॅमशी वेग आणि वेळ जुळवून घेत असतं, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्या वेळी घाबरून बटण दाबू नका, थांबा.

सगळ्यांचंच दुखणं रॅमचं नसतं. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपला अगदी हेच लक्षण होतं आणि तिथे कारण निघालं विंडोजचं ताजं अपडेट. दुरुस्तीच्या त्याच स्क्रीनवरून ते काढून टाकलं आणि दहा मिनिटांत काम झालं. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि त्यातले कितीतरी याच चक्रात अडकले. उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं. म्हणून रीस्टार्ट नेमका कुठे होतो ते आधी नीट पाहा. चिन्ह यायच्या आतच होत असेल तर विंडोजचा संबंध नाही. रॅम, वीजपुरवठा किंवा बोर्ड बघा. ठिपके फिरताना होत असेल तर अपडेट, ड्रायव्हर, डिस्क आणि रॅम, सगळेच संशयित. पासवर्ड टाकल्यावर होत असेल तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा सुरुवातीला आपोआप उघडणारा एखादा प्रोग्रॅम. आणि या सगळ्याआधी लॅपटॉपला जोडलेलं सगळं काढा, पेन ड्राइव्ह आणि माउससकट.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की अनेक जण चार्जर बदलायला धावतात. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढीच ती नोंद आहे. कारण तीत नसतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खराब पट्टी कोणाच्याही यंत्रात येऊ शकते. पण या लॅपटॉपला मी आज पूर्वीपेक्षा जास्त गुण देते, ते रॅम सुटी काढता येते म्हणून. ती बोर्डावर पक्की जोडलेली असती तर अख्खा बोर्डच बदलावा लागला असता आणि कोणती पट्टी वाईट हे घरबसल्या कळलंही नसतं. नवा लॅपटॉप पाहताना मी आता वजन आणि जाडीच्या आधी हे विचारते. पातळ यंत्राचा मोह मलाही आहे, पण पुन्हा निवडायची वेळ आली तर मी जाडच घेईन.

गेल्या रविवारी दोन्ही पट्ट्यांवर पुन्हा रात्रभर चाचणी लावली होती. ४ फेऱ्या, चुका शून्य.