पेन टॅब्लेट आणि क्रिता : आठ महिन्यांनंतर

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या. त्यानंतर बारा वर्षं ब्रश हातात धरला नाही. नोकरी लागली, रंगांची पेटी माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीत स्वतःसाठी पेन टॅब्लेट घेतला, म्हणजे पेनने चित्र काढायची सपाट पाटी. पडदा असलेला परवडणारा नव्हता, म्हणून साधा, लॅपटॉपला जोडायचा; चित्र पाटीवर काढायचं, दिसतं समोरच्या पडद्यावर. चित्राची जागा 10 बाय सव्वासहा इंच, पेनला बॅटरी लागत नाही, दाबाच्या 8192 पातळ्या, म्हणजे पेन किती जोरात दाबला ते इतक्या बारकाईने कळतं. चित्र काढायचं सॉफ्टवेअर क्रिता. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, पण त्यातले ब्रश बघून ते फुकट मिळतंय यावर विश्वास बसत नाही.

पहिले तीन आठवडे अवघड गेले. हात टेबलावर, नजर समोर. रेघ ठरवल्या जागी पोचतच नव्हती. त्यात पहिल्याच दिवशी काढलेली सगळी वर्तुळं आडवी ताणलेली आली. वाटलं, हातच गेला आपला. दोन दिवसांनी कळलं की टॅब्लेटचं प्रमाण 16:10 आणि माझ्या मॉनिटरचं 16:9. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, प्रमाण जुळवलं आणि वर्तुळ गोल झालं. नवीन घेणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करा. ब्रशला दाब कळत नसेल तर क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनची माहिती संगणकाला पोचवायच्या दोन पद्धती) यांतला पर्याय बदलून पाहा.

हात बसवायला मी पुन्हा वस्तुचित्राकडे गेले. तांब्या, दोन कांदे, चुण्या पडलेलं फडकं. रोज अर्धा तास. रेघ मनगटातून नको, खांद्यातून येऊ दे, असं शाळेतले चित्रकलेचे सर सांगायचे. टॅब्लेटवर ते फार पटतं, कारण मनगटातून ओढलेली लांब रेघ थरथरते. क्रितातला स्टॅबिलायझर, म्हणजे रेघ सरळसोट करणारी सोय, ती थरथर झाकतो, पण रेघ हातामागून रेंगाळत येते. मी तो अगदी कमी ठेवते.

खरा बदल झाला तो भीतीत. लहानपणी आमच्याकडे चित्रांचा कागद मोजून यायचा, बिघडला तर मागची बाजू वापरायची. त्यामुळे प्रत्येक रेघ जपून ओढायची सवय लागली होती. इथे कंट्रोल-झेड दाबलं की रेघ गेली. सुरुवातीला त्या मोकळेपणाने अक्षरशः डोळे भरून आले. पुढे त्याचंच व्यसन लागलं. एका भुवईसाठी वीस वेळा पुसायचं आणि एकविसावी पहिलीइतकीच निघायची. शेवटी पेनच्या बटणावरून अनडू (तेच कंट्रोल-झेड) काढून टाकलं, तिथे खोडरबर ठेवला. चूक दिसली की आता तिच्यावरूनच पुढची रेघ काढते. चित्रं मोकळी व्हायला लागली ती तिथपासून.

रंगांचंही असंच. जलरंगात कागदाचा पांढरा राखायचा, फिक्याकडून गडदकडे जायचं. इथे गडदावर फिकं सहज बसतं, आणि त्या नादात माझी चित्रं जड झाली. मग मल्टिप्लाय लेअरवर (वरचा रंग खालच्यात मिसळून तो गडद करणारा थर) फिक्या रंगाचे एकावर एक थर देऊन पाहिले. खालचा रंग दिसत राहतो, जलरंगाच्या पातळ हातासारखाच, म्हणजे वॉशसारखा. हे सापडलं त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते.

आता तक्रारी. टॅब्लेटचा पृष्ठभाग खरखरीत आहे. कागदासारखा लागतो, पण निबा (पेनची टोकं) खातो. आठ महिन्यांत चार निबा गेल्या. पाचव्या महिन्यात केबलचं टोक सैल झालं, जरा हललं की रेघ मधेच तुटायची. केबल वॉरंटीत नाही, असं कंपनीने कळवलं. नवी स्वतः आणली. जोडताना ती टेबलाला चिकटपट्टीने पक्की करा.

मधे आमच्या गणपती मंडळाचं भित्तिपत्रक केलं. पडद्यावर लखलखणारा जांभळा छापून मळकट आला. पडदा आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई), आणि तसा जांभळा शाईत बसतच नाही. आता आधीच छापखान्याकडून प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या शाई-कागदाच्या रंगांची फाइल, मागून घेते आणि क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफिंग लावून, छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावरच बघते. ए-4 चं काम 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, सुरुवातीलाच ठरवून घेते. मागाहून वाढवलं की कडा पसरतात.

लहानपणी चित्र काढणारा हात असेल तर बिनपडद्याचा टॅब्लेट पुरतो. पहिल्या तीन आठवड्यांत तो विकू मात्र नका. मला आतापर्यंत पैशांची चार कामं मिळाली, त्यांतल्या तीन लग्नपत्रिका. सध्या स्वतःसाठी एक स्मरणचित्र चाललंय, आजोळच्या विहिरीचं. पाणी जमलंय. रहाटाचा लेअर काल तिसऱ्यांदा नव्याने घेतला.