सायकलची घडीची बॅग: सफर एकीकडे सुरू, दुसरीकडे संपणार असेल तर

लांबची सफर एका गावात सुरू होऊन भलत्याच गावात संपणार असेल, तर सायकलसाठी कडक केस, म्हणजे टणक पेटी, घेण्याच्या फंदात पडू नका. केस मजबूत असते, वादच नाही. पण सायकल जोडून निघताना तिचं करायचं काय? कुरिअरने शेवटच्या मुक्कामी पाठवा, नाहीतर पहिल्या हॉटेलवाल्याच्या गळ्यात मारा आणि तिच्यासाठी उलटे या. त्यात वजन. बऱ्याच विमान कंपन्या एका नगाला २३ किलोच देतात. स्टीलची टुरिंग सायकल १४ किलोच्या घरात, केस दहा-बारा किलोची; झाला की हिशेब! सायकल दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं हा जुना तोडगा मला अजून आवडतो, फक्त परतीच्या गावात तसं खोकं कोण देईल ते आधीच फोनाफोनी करून ठरवावं लागतं.

म्हणून ही पातळ नायलॉनची बॅग घेतली. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी, सीटखाली बांधून टाकायची. यातली खरी हुशारी पट्ट्यात आहे. तो आधी फ्रेमला बांधायचा आणि कापडातल्या फटीतून बाहेर काढायचा, म्हणजे उचलताना भार फ्रेमवर येतो, शिवणीवर नाही. पण पट्ट्याला खांद्याशी गादी दिलेली नाही. लांबलचक प्लॅटफॉर्म तुडवून झाल्यावर बनवणाऱ्याची आठवण येते, आणि ती फार प्रेमाने येत नाही.

आत अस्तर, स्पंज काही नाही. सायकल जपायची ती आपणच. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ५ एमएमच्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. तो बाहेर राहिला तर एका धक्क्यात हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा, वाकतो आणि गिअर पहिल्याच चढावर कुरकुरतात. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, दोन टोकांत प्लास्टिकचा स्पेसर हवा. नव्या सायकलींबरोबर येतो, दुकानदार तो टाकूनच देतात, मागून घ्या. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे पाठ असूनही पाना आधी चुकीच्या बाजूला न फिरवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

रेल्वेसाठी बॅगेला पैकीच्या पैकी. विमानासाठी मात्र सायकल स्टीलची असेल आणि फ्रेमला फोमच्या नळ्या बांधायचा कंटाळा नसेल तरच. कार्बनची सायकल यात घालून बेल्टवर सोडायला माझा जीव होणार नाही. आणि बॅग कुठलीही असो, तिकीट काढण्याआधी सायकलची जागा वेगळी नोंदवावी लागते का ते विचारा. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातल्या सामानात.

मडगार्ड आणि पुढचा कॅरिअर असेल तर एक माप मोठी घ्या. नेहमीच्या मापात मडगार्ड न काढता बॅगेची चेन लागतच नाही.