सिमकार्डवर 'स्टॅटिक आयपी' घेतला, ११,००० पाण्यात

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. ऑफिसात प्रिंटर अडकला तरी मलाच हाक मारतात आणि मीच असा गंडलो, हे चारचौघात सांगायला जड जातं. पण मला गंडवणारा सीसीटीव्हीवाला अजून धंदा करतोय म्हणून लिहितोय.

गाव संगमेश्वर तालुक्यात, आई एकटी असते, मी ठाण्याला. वाडीत फायबर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. घरी ४ कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आधीपासून होते, ते इथून मोबाइलवर दिसावेत एवढीच इच्छा. गणपतीला गेलो तेव्हा तिथल्याच एका सीसीटीव्हीवाल्याला बोलावलं. त्याने सिम टाकायचा राऊटर ३,४००, 'स्टॅटिक आयपी एक वर्ष' (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) ६,५००, डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला एक ठरलेलं नाव) १,२०० आणि कॉन्फिगरेशन १,५०० असा १२,६०० चा हिशोब वहीच्या पानावर मांडला. बिल मागितलं तर "दादा जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल". हे ऐकूनही मी यूपीआय केलं. हो, केलं.

आता खरी जळजळ. तो म्हणाला मोबाइल द्या, ॲप टाकून देतो, आणि इथे रेंज कमी आहे म्हणून आधी घरचं वायफाय जोडतो. जोडलं. मग खळ्यात उभं राहून चारही कॅमेरे दाखवले, आई स्वतःलाच स्क्रीनवर बघून हसली, मीपण खूष. अरे पण फोन घरच्याच वायफायवर असताना दिसणारच ना! बाहेरून दिसतं का हे बघायला वायफाय बंद करून आपला डेटा चालू करायचा, दहा सेकंदांचं काम. नाही केलं. गडबड होती, पाहुणे होते, आरतीची वेळ झाली होती, कोण बघत बसतंय. आणि कागदावर 'तुमचा स्टॅटिक आयपी' म्हणून लिहिलेलं काय, तर १९२.१६८.१.१०८. तो घरातल्या घरात चालणारा पत्ता आहे, लाखो घरांत तोच असेल. ६,५०० रुपयांना!

ठाण्याला आल्यावर ॲप नुसतं गोल गोल फिरून ऑफलाइन. फोन केला तर "४८ तास लागतात ॲक्टिव्ह व्हायला", मग "कंपनीचं ॲक्टिव्हेशन राहिलंय, १,८०० टाका". टाकले. एकूण १४,४००. त्यानंतर फोन उचलणं बंद.

दसऱ्याला भाचा गावी गेला, राऊटरचं पान उघडलं आणि फोनवर म्हणाला, "मामा, याचा बाहेरचा आयपीच १०० पासून सुरू होतोय, तू सीजीनॅटच्या मागे आहेस." म्हणजे मोबाइल कंपनी एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) कित्येक ग्राहकांत वाटते, बाहेरून आलेली हाक तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक राऊटरमधून डीव्हीआरकडे वळवणं) करा नाहीतर डीडीएनएस घ्या, सगळं वाया. राऊटरमधला वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि त्याच वायफायवरून गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाकून येणारा आकडा जुळतो का बघा, नाही जुळला तर पोर्ट उघडून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सिमवर स्टॅटिक आयपी असतो, पण तो कंपन्यांना, वेगळ्या एपीएनवर (सिमला इंटरनेटशी जोडणारी सेटिंग), मोबाइल कंपनीकडूनच. दुकानातल्या प्रीपेडवर कोणी सीसीटीव्हीवाला देऊ शकत नाही.

भाच्याने डीव्हीआरमध्ये पी२पी (डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी जोडून घेतो, मोबाइल तिथून त्याला गाठतो) चालू केलं, मी त्याचा क्यूआर कोड स्कॅन केला, वीस मिनिटांत ठाण्यात कॅमेरे दिसले. खर्च शून्य. (पी२पी नको असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटमधून खासगी वाट काढणारी व्हीपीएन सॉफ्टवेअर, कनेक्शन आतून बाहेर जातं म्हणून चालतं. वायरगार्डला मात्र दुसऱ्या टोकाला पब्लिक आयपी लागतो.) आणि डीव्हीआरचा पासवर्ड त्या माणसाने ॲडमिन१२३ ठेवलेला, म्हणजे पी२पी चालू झाल्यावर त्याला घर उघडं पडलं असतं! २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने असेच सोपे पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे नि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. पासवर्ड आधी बदला, बाकी नंतर.

तक्रारीचं तर विचारूच नका. मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरला तीनदा फोन, तिन्ही वेळा "सर राऊटर बंद करून चालू करा". अहो, तुम्ही असा आयपी विकलात का, ते विचारतोय! पोलिसांकडे गेलो तर म्हणे तुम्ही स्वखुशीने पैसे दिले, माणूस येऊन काम करून गेला, हे दिवाणी प्रकरण, आणि गावचं आहे तर गावीच जा. सुट्टी काढून गावी गेलो तर तिथे, पैसे ठाण्याच्या खात्यातून गेले ना, मग ठाण्यालाच. गाडीभाडं आणि खाडा वेगळा, तो कुठे लिहू? डीव्हीआरच्या कंपनीने हात झटकले, तो आमचा अधिकृत माणूस नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केलीय, बिल अपलोड करा म्हणतात. बिल! वहीचं पान अपलोड केलंय.

राऊटर चालतोय म्हणून ३,४०० सोडले तरी ११,००० गेले. ११,००० म्हणजे आईच्या पाच महिन्यांच्या गोळ्या.

परवा आई म्हणाली तोच माणूस खालच्या घरी आलाय. लगेच तिथल्या काकांना फोन लावला, तर म्हणाले, "अरे पण मोबाइलवर झकास दिसतंय की सगळं." कुठे उभे आहात विचारलं. खळ्यातच होते. म्हटलं काका, वायफाय बंद करा आणि पैसे देऊ नका. "थांब, तो जीपे करायला सांगतोय," म्हणाले आणि फोन कट.